मागचं दार

भाऊसाहेब उंबऱ्यापाशी थांबला तो थांबलाच.

"ये ना रे आत," ती म्हणाली. "तुझंच घर आहे."

हे ती त्याला वर्षभर ऐकवत होती. नव्या घराच्या पायाच्या खड्ड्यात पाणी साचून काम अडलं तेव्हा, भाड्याच्या दोन खोल्यांत खोक्यांवर खोकी चढली आणि त्याला धड वळायलाही जागा उरली नाही तेव्हा. थोडी कळ काढ, मग सगळं घर तुझं. कुत्र्याला काय, काहीही सांगता येतं.

मांजरीने तिच्या काखेतून केव्हाच उडी मारली होती. शेपटी उभी करून तिने हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं आणि खिडकीच्या कडेवर चढून पंजे चाटत बसली. तिला ऊन खाता यावं म्हणून ती कड मुद्दाम रुंद करून घेतली होती.

"अगं, गरम पाण्याचा नळ डावीकडे की उजवीकडे? प्लंबर विचारतोय," नवरा न्हाणीघरातून ओरडला.

"डावीकडे!" ती ओरडली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. "हो सर. पाठवतेच. नाही, नाही, बाहेर आहे जरा."

फोन खांद्याने कानाशी दाबून धरत तिने पट्टा ओढला. जरा जोरातच.

भाऊसाहेब आत आला. चार पावलं टाकली आणि त्याचे मागचे पाय दोन दिशांना गेले. तो पोटावर आपटला. उठायला गेला, तर नखं नुसतीच फरशीवर करकरली. परत उठायला गेला, परत फतकल.

"मी नंतर फोन करते," ती म्हणाली आणि समोरचा बोलत असतानाच फोन ठेवला.

त्याच्या पोटाखालून पाणी पसरत होतं. या कुत्र्याने पिल्लूपणी सोडलं तर घरात कधी घाण केली नव्हती. कान पाडून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. चपला फाडताना पकडला गेला की तो असंच करायचा. आत्ता त्याला कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

ती तशीच त्या ओलीत बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "तुझं नाही रे चुकलं. तुझं काही चुकलं नाही."

नवरा हात पुसत बाहेर आला. "घसरला होय? होईल सवय."

"कसली सवय? कंबर गेलीय त्याची. अंथरुणावरून उठताना बघतोस ना रोज?"

बघत तर दोघंही होते.

फरशी अशी चकचकीत होती की तिघांचीही तोंडं तीत दिसत होती. ती तिनेच निवडली होती. दुकानदाराने विचारलंही होतं, घरात कोणी वयस्कर आहे का, ही थोडी निसरडी असते. "छे, आम्ही दोघंच," ती म्हणाली होती. नमुन्याचा तुकडा पिशवीत टाकून घरी आली, तेव्हा दारात शेपूट हलवत हाच उभा होता. तुकडा त्याने हुंगलाही होता.

"सतरंज्या टाकू," नवरा म्हणाला.

"घरभर?"

"मग काय, उखडायची आता?"

मागच्या खोलीतून रबरी हातोड्याचे ठोके येत होते. ती उठली आणि ओल्या कपड्यांनीच तिकडे गेली. फरशीवाल्याची पहिली ओळ नुकतीच बसली होती. पुढे नुसतं खडबडीत सिमेंट होतं. खोली छोटी, पण तिची होती. खिडकीशी टेबल आणि आतून लावता येईल असं दार, एवढ्यासाठी ती नवऱ्याशी, सासूशी आणि आर्किटेक्टशी भांडली होती.

"दादा, थांबा. इथे ही नका लावू."

"अहो ताई, माल कालवलाय."

"मग अंगणातली खरखरीत लावा. उरलीय ना ती?"

"खोलीत? अंगणातली?" फरशीवाल्याने तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अगं, तुझी खोली आहे ही," नवरा म्हणाला.

"असू दे."

"बरं, पण हॉल ओलांडून तो इथवर येणार कसा?"

खोलीला अंगणात उघडणारं एक दार होतं. कपडे वाळत घालायला, कचरा बाहेर न्यायला ठेवलेलं.

"मागच्या दाराने," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं.

दोघांनी मिळून भाऊसाहेबला उचललं, समोरच्या दारातून बाहेर काढलं आणि विटांच्या ढिगाला वळसा घालून मागून आत आणलं. सिमेंटवर ठेवताना त्याचे पाय थरथरत होते. पण तो उभा राहिला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला, पोत्यांचा वास घेतला, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि बसला. शेपूट जमिनीवर आपटून धूळ उडवू लागला.

"बघ," नवरा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "आवडली त्याला खोली."

तिने हॉल पुसायला फडकं उचललं होतं.

"त्याला आपण काहीही दिलं तरी आवडतं," ती म्हणाली.