चरबी मोजायचा काटा

घरी आणलेला नवा काटा विजयमालाची चरबी सकाळी एकतीस टक्के दाखवायचा आणि जेवणानंतर सदतीस. आज तिनं वैतागून भांडी घासणाऱ्या भिवराबाईला हाक मारली. भिवराबाई नुकतीच ऊसतोडीवरून परतली होती.

"ह्यावर उभी राहा. हाडाचा सापळा तू. तुझी चरबी किती दाखवतंय बघू, मंजी ह्याचा खोटेपणा कळंल."

काचेतून तळपायाला बारीक करंट लागतो आणि त्यावरून चरबी कळते, हे ऐकून भिवराबाईनं डोळेच मिटून घेतले.

काट्याला जोडलेल्या मोबाईलवर वजन आलं, पण चरबी काही येईना. लाल अक्षरात सूचना आली: पायातलं काढून उभे राहा.

"चपला काढ की गं," मोबाईलवरची नजर न हलवता विजयमाला खेकसली.

"त्या भायेरच काढल्यात, वैनी."

विजयमालानं पहिल्यांदाच तिच्या पायांकडं पाहिलं. भिवराबाई एकेक पाऊल उचलून पदरानं पुसत होती. वर्षानुवर्षं उसाचे फड तुडवून ते तळवे चपलेच्या तळासारखे जाड, टणक झाले होते.

विजयमालानं मोबाईल खाली ठेवला. ओशाळली मात्र भिवराबाईच.

"थांबा वैनी, दगडानं घासून येते."