पाण्याचं नाव

"इथेच थांबव. पाण्यापाशी गाडीतून जायचं नसतं," म्हातारी म्हणाली, तशी कुमनजाईने टोयोटा वाळूतच उभी केली.

कुमनजाई हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. तिच्याच नावाची एक मावशी गेल्या हिवाळ्यात गेली, आणि गेलेल्या माणसाचं नाव ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले हे पिंटुपी लोक मेले तरी तोंडातून काढत नाहीत. त्या नावाची जेवढी जिवंत माणसं असतील, ती सगळी मग कुमनजाई होतात. पोरीने त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. आज तिला त्याहून मोठं नाव कळायचं होतं, आजीच्या पाण्याचं. ते घरी बसून सांगत नाहीत. पाण्यापाशी न्यायचं, ओंजळभर पाणी डोक्यावर शिंपडायचं, 'ही आपलीच' म्हणून ओळख करून द्यायची, आणि मगच कानात सांगायचं. ज्याला पाणी ओळखतं तो त्या मुलखाचा, बाकी सगळे वाटसरू.

अॅलिस स्प्रिंग्ज शहरात वाढलेली ही पोर आजवर वाटसरूच होती. आणि ते नाव ठाऊक असलेलं माणूस आता एकटी आजी उरली होती, तीही डायलिसिसवर. यंत्राने जरा सोडलं, तेवढ्यात दोघी निघून आल्या होत्या.

"आजी, मला नाही ओळखलं तर गं?"

"आईचं नाक जसंच्या तसं घेऊन आलीयेस. न ओळखायला त्याला काय झालंय!"

सुजलेले पाय ओढत म्हातारी खडकाच्या पायथ्याशी गेली आणि तोंडाशी हात धरून ओरडली, "आलो रे आम्ही! घरचीच माणसं आहोत! नात आणलीय!"

मग तिने कान दिला. बराच वेळ दिला.

"चिमण्या कुठायत?" ती पुटपुटली. पाणी असलं की तिथे चिमण्यांचा नुसता कालवा असतो. आजीच्या आधीच पोर धावत वर चढली.

खडकातल्या कुंडात उंट पडला होता. कधीचा कोण जाणे, हाडं आणि वाळलेलं कातडं तेवढं उरलं होतं. तहानेने वेड्या झालेल्या रानटी उंटांच्या कळपाने रेटारेटी करून कुंडाचा काठच ढासळवला होता. तळाला हात जाईल एवढी चीर पडली होती.

"आपण साफ करू, आजी! गाडीला दोर बांधून ओढू हा मेला उंट. पाऊस पडला की भरेल की परत!"

मागून आलेली आजी वाकली. तिने चिरेत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. हात बाहेर काढून तिने कोरडी वाळू बघितली आणि मग तिथेच बसकण मारून तिने गळा काढला. सख्खा भाऊ गेला तेव्हा रडली होती तशी, दगडाने कपाळ ठेचत. पोरीने कसाबसा तो दगड हिसकावून घेतला. तिलाही रडू आवरेना.

पुष्कळ वेळाने म्हातारी शांत झाली. पोरीने तिच्या कपाळावरचं रक्त पुसलं आणि हळूच कान तिच्या तोंडाशी नेला.

"आजी, नाव तेवढं सांग."

"गेलं ते, पोरी. तू बघितलंस ना?"

"गेलं तर गेलं. नाव तर राहिलंय ना!"

"गेलेल्याचं नाव मी घेऊ? या तोंडाने?"

"एकदाच गं! तुझ्यामागे कुणालाच ठाऊक नसेल ते."

"नसेल," आजी म्हणाली.

"मग मी कुठली म्हणून सांगू लोकांना?" पोर आता हुंदके देत होती.

समोर तांबडी वाळू पार आभाळापर्यंत पसरली होती, तिकडे आजी बघत राहिली.

"नकाशात काय लिहितात याला?" तिने विचारलं.

"गिब्सनचं वाळवंट."

"हा कोण?"

"होता एक गोरा. याच वाळवंटात मेला म्हणे, पाण्यावाचून."

आजीने हाताला लागलेली वाळू झटकली.

"त्यांना चालतं मेलेल्याचं नाव घेतलेलं," ती म्हणाली. "तू आपली गिब्सनचीच सांग."