अठ्ठ्याऐंशी किलो

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि दवाखान्यातल्या खाटेच्या पायथ्याशी उभे आहात. खाटेवर तुमची आई कुशीवर पडली आहे. थोड्याच वेळात तिच्या कमरेचं ऑपरेशन होणार आहे. हात गार पडलेत ना तुमचे? भिंगरीचेही पडले होते.

"वजन?" सिस्टरनं विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी," आई म्हणाली.

"काट्यावर उभ्या राहता का? हा काय, दारातच आहे."

"अहो, उभं राहता आलं असतं तर इथं कशाला आले असते?"

सिस्टर हसली. दाराबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं मान वळवून आत बघायला लागली.

भिंगरीची आई शाळेची बस चालवायची. तिनं एक हाक मारली की मागच्या सीटवरची पोरं चिडीचूप. पण मणक्यातली चकती सरकली, नस दबली आणि डाव्या पायातून आग निघायला लागली. क्लच दाबता येईना. आई अंगानं चांगलीच जाड होती. आधीच्या दवाखान्यातही काटा असाच दारात होता. तिथल्या माणसानं आकडा मोठ्यानं वाचला, लिहिणाऱ्यानं "किती?" म्हणून पुन्हा विचारला आणि बाकावरचं कुणीतरी बोललं, "काटा शाबूत आहे ना, बघा!" सगळे हसले. आईही हसली. मग लंगडत घरी आली आणि कित्येक महिने तिनं दुखणं अंगावर काढलं.

आता तर तिला डाव्या पायाचा अंगठाही उचलता येत नव्हता. आणखी थांबलात तर पाय कायमचा लुळा पडेल, असं या नव्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "जाड अंगावर मोठी चीर घेतली तर जखम भरायला त्रास होतो. आपण बोटाच्या पेराएवढीच चीर घेऊ. त्यातून लांब नळी घालून नस मोकळी करू." बाबांनी मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे ती तयार झाली होती.

भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सिस्टरनं लिहिलेलं वाचलं, आईकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"भुलीचं औषध मी वजन बघून ठरवते. त्यातून तुम्हाला पालथं झोपवायचंय, श्वासाला जपावं लागेल. इथं अंदाज चालत नाही. आकडा नक्की ना?"

"नक्की."

बाबांनी पंख्याकडे बघत री ओढली, "अठ्ठ्याऐंशीच. आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे."

भिंगरीलाही पाठ होता हे खरं. ती बालवाडीत होती तेव्हाही हाच आकडा होता. त्यानंतर आईचे कुडते दोनदा सैल करावे लागले होते, आणि उसवलेल्या शिवणींचे दोरे भिंगरीनंच ओढून काढले होते.

खरं सांगावं, तर आई उठून जाईल. गप्प बसावं, तर औषध चुकेल. तुम्ही काय केलं असतं?

"तो आकडा जुना आहे," भिंगरी म्हणाली.

आईनं लेकीकडे असं पाहिलं, जसं तिनं आजवर कधीच पाहिलं नव्हतं. मग तिनं खाटेची कड घट्ट धरली, कळ सोसत पाय खाली सोडले आणि म्हणाली, "अहो, माझ्या चपला द्या. आपण घरी जाऊ."

बाबा चपला घ्यायला वाकलेसुद्धा.

भिंगरीला रडू फुटत होतं. तरी ती दाराकडे धावली. काट्याला चाकं होती. तिनं तो ढकलत ढकलत खाटेपाशी आणला. "बाबा, तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. बाबा गोंधळून बाहेर गेले. तिनं दार लावून घेतलं, बाकावरच्या माणसांच्या तोंडावर.

"सिस्टर, तुम्ही आईला धरा. डॉक्टरीणबाई, आकडा मोठ्यानं वाचू नका हं. नुसता लिहा."

आई तिच्याकडे बघतच राहिली होती.

मग भिंगरी भिंतीपाशी गेली आणि आईकडे पाठ करून उभी राहिली.