हॉटेलच्या लॉबीसाठी

"हे चित्र हवंय मला, हॉटेलच्या लॉबीत लावायला," डेक्लन म्हणाला आणि ऊनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आयर्लंडच्या खेड्यांतली ओस पडलेली दगडी घरं ती वर्षानुवर्षं रंगवत आली होती. या चित्रातलं टेकडीवरचं घर तर तिचं सगळ्यात लाडकं. त्याच हॉटेलसाठी गेल्या आठवड्यात डेक्लनने ते जमीनदोस्त केलं होतं. अडवायला गेलेल्या ऊनाला तो हसला होता. "चार पडक्या भिंतींसाठी कसलं भांडताय, बाई!"

आता तोच सांगत होता, "गिऱ्हाइकांना जुनं फार आवडतं हो."

ऊनाने ब्रश पिवळ्याधमक रंगात बुडवला आणि त्याच्यादेखत चित्रातल्या दारावर चाल करून येणारा भलामोठा बुलडोझर रंगवला.

"न्या आता. लावा लॉबीत!"

डेक्लन तणतणत निघून गेला. ऊनाने चित्राच्या कोपऱ्यात ठसठशीत सही केली.