बावीस चुली

सर्जेरावनं टँकरचा कॉक आवळला. हंड्यात पडणारी धार बारीक झाली, थेंबावर आली, थांबली.

"आधी कागद," तो म्हणला. "पाणी कुठं पळून चाललंय?"

लाईनीत सात जणं होती. समदी म्हातारी. बाकीची वस्ती दसरा झाला की ऊस तोडायला जाती, ती पार पाडव्याला माघारी येती. बावीस घरं, बावीस कुलपं. अन् चाव्या दगडाबाईच्या कमरेला, सुतळीत ओवलेल्या. ती चालली की वाजायच्या. शेळ्या त्या आवाजावर तिच्या मागं यायच्या.

टँकर सर्जेरावचा. सोसायटीचा चेअरमनबी तोच. मागल्या पंचायतीला ह्या वस्तीच्या मतांनी त्याची बायको पडली, ते त्याच्या घशाखाली अजून उतरलं न्हवतं. औंदा संगं निवृत्ती मास्तरला घेऊन आलता. शाळा सांभाळून मतदार यादीचं काम मास्तरच्याच गळ्यात पडलेलं.

मास्तरनं बाजेवर कागद मांडले अन् दगडाबाईला इचारलं, "मावशी, ह्या बंद घरांतली माणसं कुठं गेलीत?"

"गेलीत म्हणू नको, मास्तर. तोडीच्या माणसाला गेला म्हणत न्हाईत. येतेत म्हणावं."

"बरं. कवा येतेत?"

"पाडव्याला. दर सालाला येतेत. तुला काय नवं हाय का? निम्मी पोरं तुझ्याच शाळेतली."

मास्तर हसला न्हाई.

"यादी पाडव्याच्या आधीच पक्की व्हणार," सर्जेराव म्हणला. "घर बंद, माणूस न्हाई, नाव कट. लिव्ह बे निवृत्ती."

"तसं आता चालत न्हाई, चेअरमन. पहिलं कुणीबी चिठ्ठी दिली की नाव उडायचं. म्हणून तर कायदा बदलला. आता दारात जाऊन बघावं लागतं. अन् घर बंद हाय म्हणून वस्तीतल्याच पंचाचा अंगठा लागतो, घरागणिक."

"मग घे की. पंच हुभाच हाय हितं. चाव्यासगट." सर्जेराव दगडाबाईकडं वळला. "बावीस अंगठे, म्हातारे. मग पहिला हंडा तुझा."

"अन् न्हाई दिला तर?"

बैलाच्या पाठीवरनं फिरवावा तसा त्यानं टँकरच्या टायरावरनं हात फिरवला. "टँकरला दुसरी गावं हायत. कुलपाला काय तहान लागती का?"

मागून केशरबाई म्हणली, "देऊन टाक की गं दगडे. कुलूप तर हायच दाराला. खोटं थोडंच हाय?" तिचा हंडा कोरडा ठाक होता. बोलताना वठ चिकटत होते.

खोटं न्हवतं. तिथंच तर अडत होतं. अंगठा दिला, की पाडव्याला पोरं येणार अन् यादीत मेल्यावानी निघणार.

मास्तरनं शाईची डबी उघडली, पर पुढं सरकवली न्हाई. "मावशी, मी दारात जाऊन दिसंल तेच लिव्हणार. कुलूप दिसलं तर बंद. दार उघडं दिसलं, चूल पेटलेली दिसली, तर मला बंद लिव्हता येत न्हाई. नोकरी जाती माझी." त्यानं एकवार तिच्या कमरेकडं बघितलं अन् उठला. "चष्मा शाळेत राहिला. घिऊन येतो. अर्धा घंटा तर लागंल."

सर्जेराव त्याच्या पाठीकडं बघत राहिला. मग टँकरच्या सावलीला बसला अन् बिडी काढली.

दगडाबाई उठली. चाव्या वाजल्या.

पहिलं सिदूचं कुलूप काढलं. मग रतनबाईचं. घरातली कोंदट हवा भाईर आली. तिनं आपल्या ढिगातल्या गवऱ्या पदरात घेतल्या, चुलीत मोडून घातल्या, काडी लावली. तिसऱ्या घराला तिला दम लागला.

"मर मग," केशरबाई म्हणली. हंडा पालथा घातला अन् गवऱ्यांची पाटी उचलली. तिच्या मागं बाकीचीबी उठली.

मास्तर आला तवा बावीस घरांतनं धूर निघत होता. तो दारोदार हिंडला. "उघडं. चूल पेटती." पुढचं. "उघडं. चूल पेटती." सर्जेराव त्याच्या मागं मागं, पाठीवर हात बांधून, परतेक घरात वाकून बघत. बाजेपाशी परत आले तवा तो चिडला न्हवता. त्याचंच दगडाबाईला भ्याव वाटलं.

"लई झ्याक," तो म्हणला. "मास्तर, कायद्यात फेरतपासणी किती येळा करता येती?"

मास्तर कागद गोळा करायला लागला.

"इचारतोय मी. किती येळा?"

"यादी पक्की व्हईस्तोर... कितीबी."

"मग उद्या यिऊ. परवाबी यिऊ. दारं उघडी पायजेत बरं का, दगडाबाई. चुली पेटत्या." तो केबिनीत चढला. "एखाद्या दिशी एकच चूल पेटायची राहिली तरी चालंल मला. हळूहळू घिऊ."

टँकर वळला. हिसक्यानं कॉक जरा ढिला झाला, फुफाट्यात थेंबांची एक रेघ पडत गेली, सडकेपोतर. शेळ्या त्या रेघेवर तोंड घासत गेल्या.

"केशरे, पाडव्याला किती दिस हायत गं?"

केशरबाई गवऱ्यांच्या ढिगाकडं बघत होती. सकाळी कमरेइतका होता, आता गुडघ्याला आलता.

दगडाबाई सिदूच्या घरात शिरली. अर्धी जळलेली गवरी चिमट्यानं चुलीच्या भाईर वढली. उद्याला लागणार होती. इझवायला पाणी न्हवतं. तिनं मूठभर राख उचलली, तिच्यावर टाकली, अन् पुढच्या घरात गेली.