दहा दिवसांची वेणी

आई गेल्यापासून लेकीची वेणी बाबाच घालायचे. खुर्च्यांना वेत विणणारी बोटं ती. वेत भिजवायच्या सवयीनं आधी पाण्यात बुडायची. “बाबा, मी काय खुर्ची आहे?” ती रोज करवादायची. उन्हाळी शिबिराला दहा दिवस जायचं, तिथं वेणी कोण घालणार? म्हणून महिनाभर बाबांनी तिला आरशासमोर बसवून गाणं करून शिकवलं, “डावा पेड मधे, उजवा पेड मधे.” आज निघायच्या आधी तिनं पहिल्यांदाच एकटीनं वेणी घातली. भांग वाकडा, शेंडा विस्कटलेला. बाबांचे हात शिवशिवले, पण त्यांनी ते खिशात कोंबले. “झकास जमली गं! आता बाबाची गरजच नाही बघ.” ती आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. मग रिबन ओढून तिनं सगळी वेणी उलगडली आणि त्यांच्यापुढे पाठ करून बसली. “तूच घाल, बाबा. परत येईपर्यंत मी सोडणारच नाही.”