स्पेलिंग चुकलेला मेल

मोडेम कोकलायचं त्या काळात, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाबांनी वेबसाइट काढली होती. तिथल्या पाहुण्यांच्या वहीत परकी माणसं चार ओळी लिहून जायची. बाबांचं सगळं गणगोत त्या वहीत होतं.

पुढे कित्येक वर्षांनीही ‘वेबसाइटच्या नावाची मुदत संपतेय’ असा मेल आला की ते लेकाला दाखवायचे. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, “भामटे आहेत. उडवा.”

एका मेलला बाबा अडले. “हा खरा वाटतो रे.”

“अहो, साइटच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलंय. चोर ते चोर, वर अडाणी.”

बाबांनी तोही उडवला. महिन्याभरात वही गेली आणि तिथे जुगाराच्या जाहिराती नाचू लागल्या.

“एवढं जपलेलं नाव जाऊ कसं दिलंत?” लेकानं झापलं.

“आपलं नाव चुकीच्याच स्पेलिंगचं होतं रे, पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तू एकदा तरी साइट उघडली असशील.”